लुर्देसच्या घरातली वरची खोली

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाला येऊन जोसेफिनला तीन वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात ती एकटी, कुणाच्या गाडीत न बसता, कुठे गेली असेल तर दारासमोरच्या लेटरबॉक्सपर्यंत.

घर चांगलं होतं. चार बेडरूम, मागे हिरवळ, स्वयंपाकघरात दोन सिंक. शहराच्या कडेला शेतजमिनीवर नवी वसाहत उठली होती, त्यातलं. रस्त्यांना पक्ष्यांची नावं दिली होती आणि घरं इतकी सारखी, की पहिल्या महिन्यात तिने शेजारच्यांच्या दाराला किल्ली लावून पाहिली होती. बस होती म्हणे, पण ती हायवेवरून जायची, आणि हायवेपर्यंत जायला फुटपाथ नव्हता.

"मम्मी, इथे कोणी चालत नाही," वेंडीने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "कुठे जायचं असेल तर मला सांग. मी नेते."

वेंडी जोसेफिनची एकुलती एक मुलगी. हॉस्पिटलमध्ये नर्स होती. जावई फॅबियन गॅसच्या साईटवर इंजिनीअर; दोन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. नात सेरेना सात वर्षांची. वेंडीची शिफ्ट कधी सकाळची, कधी रात्रीची, त्यामुळे घरात आणखी एक मोठं माणूस असणं भागच होतं, आणि ते माणूस म्हणजे जोसेफिन. हे कोणी बोलून दाखवत नसे. वेंडी सगळ्यांना सांगायची, मम्मीला आराम मिळावा म्हणून आणलंय. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

वसईची चार-पाच कुटुंबं टूवूंबात होती. महिन्यातून एकदा चर्चमधल्या मिसानंतर कुणाच्या तरी बॅकयार्डमध्ये जमायची. कोणी पिठाचे गोल फुगे तळून आणायचं, कोणी भातासोबत इंद्याल, मांसाचा आंबट-तिखट रस्सा. अशा वेळी वेंडी आईच्या खांद्यावर हात ठेवून नव्या पाहुण्यांना ओळख करून द्यायची.

"माझ्या मम्मीने सतरा वर्षं पोर्तुगालमध्ये म्हाताऱ्यांचे डायपर बदलले, म्हणून मी आज इथे उभी आहे. एकटी, एका खोलीत राहायची. ना कोणी नात्याचं, ना कोणी गावचं. आता तिने फक्त बसून खायचं."

मग सगळे जोसेफिनकडे बघायचे. त्या नजरेत आदर असायचा आणि कीव असायची. पहिल्यांदा ती म्हणाली होती, "तसं काही नव्हतं गं." वेंडीने तिला जवळ ओढलं आणि म्हणाली, "बघा, अजूनही तोंडातून तक्रार नाही." त्यानंतर जोसेफिनने तो प्रयत्न सोडला. प्लेटमधल्या भाताकडे बघत ती गोष्ट संपायची वाट पाहायची.

वेंडी सांगायची त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता. नवरा बेन्सन कावीळ होऊन गेला तेव्हा वेंडी चौदा वर्षांची होती. वसईतल्या गिरीज गावच्या घरात दोघीच उरल्या. चर्चच्या एका फादरांची पोर्तुगालमध्ये ओळख होती. कोइंब्राजवळच्या कोंदेशा नावाच्या छोट्या गावातल्या वृद्धाश्रमाला बाई हवी होती. जोसेफिनने वेंडीला बहिणीकडे ठेवलं आणि गेली. पहिली दोन वर्षं ती रोज रडली. भाषा येत नव्हती, थंडी सोसत नव्हती, आणि आश्रमातले म्हातारे तिला काहीतरी विचारायचे आणि उत्तर मिळालं नाही की भिंतीकडे तोंड फिरवायचे.

मग भाषा आली. कशी आली ते तिलाही कळलं नाही. एके दिवशी एका आजोबांनी आंघोळ घालताना तिला शिवी दिली आणि तिने तितक्याच खणखणीत शिवीने उत्तर दिलं. आजोबा हसून हसून खोकायला लागले. स्वयंपाकघरातून लुर्देस धावत आली. लुर्देस आश्रमाची स्वयंपाकीण, जोसेफिनपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, विधवा, मुलं फ्रान्सला. तिच्या घराच्या खाली पूर्वी मातीची भांडी रंगवायचं छोटं वर्कशॉप होतं, वर एक रिकामी खोली. जोसेफिन तिथे राहायला गेली.

ती खोली म्हणजे एक पलंग, एक शेगडी, आणि रस्त्यावर उघडणारी खिडकी. पण तिची किल्ली जोसेफिनच्या एप्रनच्या खिशात असायची. जन्मात पहिल्यांदा तिच्याजवळ अशी किल्ली होती की जिची दुसरी कुणाकडे नव्हती. आधी ती वडिलांच्या घरात राहिली, मग सासूच्या. खोलीत ती भात कधी करायची, कधी नाही. खिडकीत उभी राहून दालचिनी लावलेला गोड पाव खायची आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मारायची.

रविवारी सकाळी दोघी चालत कोनिंब्रिगाला जायच्या. गावापासून पाऊण तासाच्या आत, चढाचा रस्ता, दोन्ही बाजूंना ऑलिव्हची झाडं. तिथे रोमन लोकांचं आख्खं गाव जमिनीतून वर काढलेलं आहे. घरांचे चौथरे, न्हाणीघरं, आणि फरशीवर रंगीत खड्यांची चित्रं: घोडे, मासे, शिकारी. गावाच्या मधोमध एक जाडजूड भिंत. लुर्देसने तिला पहिल्याच वेळी सांगितलं होतं, की शत्रू येणार म्हणून लोक घाबरले आणि त्यांनी घाईघाईने ही भिंत उभी केली. दगड कुठले? स्वतःच्याच घरांचे. चांगली चांगली घरं पाडली, बाकीची भिंतीच्या बाहेर सोडली, आणि सगळे आत दाटीवाटीने राहिले.

"आणि मग वाचले का?" जोसेफिनने विचारलं होतं.

"काही काळ," लुर्देस म्हणाली.

जोसेफिनने तिला वसईच्या किल्ल्याबद्दल सांगितलं. तिथे तुमच्या लोकांची चर्चेस आहेत, छप्पर नसलेली, आत गवत वाढतं आणि पोरं क्रिकेट खेळतात. लुर्देसला ते फार आवडलं. "म्हणजे तू आमच्या पडक्या भिंतींजवळ वाढलीस आणि मी रोमनांच्या," ती म्हणाली. दोघी एका मोडक्या खांबावर बसून पाव खायच्या आणि दुपारी परत यायच्या. या रविवारांबद्दल जोसेफिनने वेंडीला फोनवर कधी सांगितलं नाही. पोर तिकडे मावशीच्या घरी, आपण इकडे फिरायला गेलो हे तिला कसं सांगायचं? ती सांगायची, थंडी आहे, काम आहे, तू जेवलीस का.

वेंडी नर्स झाली, ऑस्ट्रेलियाला आली, लग्न झालं, सेरेना झाली. मग कोविड आला, आश्रमातले बरेचसे म्हातारे गेले, आणि तो ओसरल्यावर वेंडीचं तिकीट आलं. "बास झालं मम्मी. आता तू माझ्याकडे."

त्या वर्षी जुलैमध्ये, एका सकाळी, लुर्देसचा फोन आला. टूवूंबात कडाक्याची थंडी होती, बाहेर धुक्यात समोरचं घरही दिसत नव्हतं. वेंडी शिफ्टला गेली होती, जाताना तिने सेरेनाला शाळेत सोडलं होतं. लुर्देसकडे अजून आदल्या दिवसाची रात्र होती.

"जुझेफिना," लुर्देस म्हणाली, "माझे गुडघे गेले. मुलगा म्हणतो फ्रान्सला ये. मी नाही जाणार. वरची खोली रिकामी आहे. भाडेकरू पुष्कळ मिळतील, पण मला भाडेकरू नको, तू हवीस. पंधरा ऑगस्टच्या चर्चच्या सणापर्यंत सांग. तोपर्यंत मी कुणाला देत नाही."

"मी कशी येऊ?" जोसेफिन म्हणाली.

"विमानाने," लुर्देस म्हणाली.

फोन ठेवल्यावर जोसेफिन स्वयंपाकघरात उभी राहिली. फ्रिजचा आवाज येत होता. तिचा पासपोर्ट पोर्तुगालचाच होता, आश्रमाची छोटीशी पेन्शन होती, पाय धड होते. जाता येणार नाही असं कुठलंच कारण नव्हतं, आणि तरी तिला हलता येत नव्हतं. भिंती जवळ आल्यासारख्या वाटल्या. तिला चर्चमध्ये जाऊन बसायचं होतं, एवढंच. तिने शाल घेतली, दार ओढलं आणि चालायला लागली.

हायवेला लागल्यावर तिच्या लक्षात आलं की पायात घरातल्या सपाता आहेत. मोजे दवाने भिजले होते. मोठमोठे ट्रक अंगावर आल्यासारखे धुक्यातून निघायचे आणि वाऱ्याचा झोत मारून जायचे. ती कडेच्या गवतातून चालत राहिली. पाय गारठले होते, तरी ती गुणगुणत होती. किती दिवसांनी आपण कुणालाही न सांगता कुठे निघालो, असं तिच्या मनात आलं.

एक यूट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, थोडी पुढे जाऊन थांबली. टोपी घातलेली एक बाई खाली उतरली. "यू ओके, लव्ह? कुठे चाललीस?"

"चर्च," जोसेफिन म्हणाली.

"आज बुधवार आहे, लव्ह. राहतेस कुठे?"

जोसेफिनने तोंड उघडलं आणि रस्त्याचं नाव आठवेना. कुठल्यातरी पक्ष्याचं होतं. किंगफिशर, की लोरिकीट, की तो तिसरा? गाडीतून जाताना पाटी कधी वाचावीच लागली नव्हती. फोन किचनमध्ये राहिला होता. त्या बाईचा चेहरा बदलताना तिला दिसला. ती बाई हळू, गोड आवाजात बोलायला लागली, लहान मुलांशी बोलतात तशी.

"माझी मुलगी नर्स आहे," जोसेफिन घाईने म्हणाली. "हॉस्पिटल."

"नो वरीज," बाई म्हणाली. "आपण तिच्याकडेच जाऊ."

इमर्जन्सीच्या काउंटरवर वेंडी धावत आली तेव्हा जोसेफिन खुर्चीत बसली होती, पायांवर हॉस्पिटलचं ब्लँकेट. आजूबाजूला वेंडीच्या ओळखीच्या नर्सेस उभ्या होत्या. वेंडीने गुडघ्यावर बसून आईच्या ओल्या सपाता काढल्या.

"मम्मी, कुठे निघाली होतीस?"

"सहज. चर्चला."

"सपाता घालून? सात किलोमीटर?"

जोसेफिनला तेव्हाच सांगता आलं असतं. पण चारचौघांत, त्या ब्लँकेटखाली, ती काय सांगणार होती? ती म्हणाली, "चुकलं."

पुढच्या आठवड्यात वेंडी तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर तरुण होता, प्रेमळ होता, आणि भराभर बोलत होता. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. इंग्लिशमध्ये वजाबाकी करता करता जोसेफिन अडखळली. मग त्याने विचारलं, आत्ता कुठला सीझन चालू आहे?

"समर," जोसेफिन म्हणाली. जुलै म्हणजे उन्हाळा. पोर्तुगालची सतरा वर्षांची सवय. वेंडीने खुर्चीत अंग आवळून घेतलं. बाहेर पारा पाच अंशांवर होता.

डॉक्टरने मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट लावून दिली.

घरी आल्यावर गोष्टी हळूहळू बदलल्या. पुढच्या आणि मागच्या दाराला फॅबियनने सेन्सर लावले. दार उघडलं की टिंग वाजायचं आणि वेंडीच्या फोनवर मेसेज जायचा. जोसेफिनच्या मनगटावर एक घड्याळ आलं, जे ती कुठे आहे ते दाखवायचं. शेजारच्या मिसेस हॉलंड रोज अकराला डोकावून जायला लागल्या. गॅसची शेगडी बंद, मायक्रोवेव्ह फक्त. सगळं मायेपोटी. वेंडी रात्री झोपण्याआधी आईच्या केसांना तेल लावायची, तेव्हा तिचे डोळे भरून यायचे. अशा मुलीवर रागवायचं तरी कसं?

एकदा जोसेफिन कपडे वाळत घालायला मागे गेली. टिंग. फोन वाजला. "मम्मी, ऑल गुड?" ती परत आत आली. टिंग. दुपारी सेरेना शाळेतून आली आणि म्हणाली, "आजी, मॉम सेज आय हॅव टू वॉच यू आफ्टर स्कूल. सो डोन्ट गो एनिव्हेअर, ओके?"

"बरं," जोसेफिन म्हणाली. "नाही जात."

त्या दिवसापासून ती खरंच विसरायला लागली. चष्मा, औषध, भिजत घातलेले हरभरे. प्रत्येक वेळी वेंडीचा चेहरा उतरायचा, आणि तो उतरू नये म्हणून ती आणखी गडबडायची. आपलं डोकं खरंच गेलं की काय, असं तिला वाटायला लागलं. लुर्देसचे दोन फोन आले. तिने उचलले नाहीत.

क्लिनिकची तारीख ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली होती. वेंडीने सुट्टी काढली. तिथली डॉक्टर पन्नाशीची, शांत बाई होती. तिने आधी कपाळाला आठी घालून सांगितलं, "सॉरी, आज मराठी इंटरप्रिटर मिळत नाहीये. पुढची तारीख घ्यावी लागेल, दोन महिन्यांनंतरची. हिंदी चालेल का? इथे पासपोर्ट पोर्तुगीज दिसतोय. पोर्तुगीजचा इंटरप्रिटर फोनवर लगेच मिळेल."

"पोर्तुगीज नको," वेंडी म्हणाली. "तिला कामापुरतं येतं तेवढंच. आम्ही—"

"चालेल," जोसेफिन इंग्लिशमध्ये म्हणाली. "पोर्तुगीज चालेल."

वेंडीने तिच्याकडे वळून पाहिलं.

टेबलावरच्या फोनमधून पर्थहून एका बाईचा आवाज आला. तिने पोर्तुगीजमध्ये नमस्कार केला, आणि जोसेफिनच्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला. तिने उत्तर दिलं. फोनमधली बाई काहीतरी म्हणाली आणि हसली.

"ती काय म्हणाली?" डॉक्टरने विचारलं.

"सॉरी, डॉक्टर," इंटरप्रिटर म्हणाली. "मी म्हटलं, यांचं बोलणं माझ्या आत्यासारखं आहे. माझी आत्या कोइंब्राच्या बाजूची."

मग प्रश्न सुरू झाले. तीन शब्द. घड्याळाचं चित्र. शंभरातून सात. जोसेफिन पोर्तुगीजमध्ये भरभर उतरत गेली, जशी आश्रमात औषधांच्या गोळ्या मोजायची. सीझनचा प्रश्न आला तेव्हा ती खुर्चीत मागे टेकून बसली आणि बरंच बोलली. इंटरप्रिटर हसू आवरत म्हणाली, "इथे हिवाळा आहे. माझ्या घरी उन्हाळा आहे. आणि मी जिथे जन्मले तिथे पाऊस कोसळत असेल. तुम्हाला कुठला हवाय?"

डॉक्टरही हसली. वेंडी हसली नाही. ती आईच्या हातांकडे बघत होती. ते हात हवेत फिरत होते, बोटं उघडत होती, मिटत होती. घरात ते हात कायम मांडीवर असायचे.

"आता मला एखाद्या नेहमीच्या दिवसाबद्दल सांगा," डॉक्टर म्हणाली. "काम करायचात तेव्हाचा. जसं आठवेल तसं."

जोसेफिन पुढे सरकून बसली. मग बोलायला लागली, आणि एकेका वाक्यानंतर इंटरप्रिटर ते इंग्लिशमध्ये सांगत गेली. ती 'मी' म्हणूनच बोलत होती, इंटरप्रिटर बोलतात तसं.

"मी लवकर उठते. खिडकी उघडते. खालून बेकरीवाला मला हाक मारतो. मी कामाला चालत जाते. काम कठीण आहे, पण म्हातारे माझ्यावर माया करतात, मी त्यांना ओरडते आणि ते माझं ऐकतात. रविवारी मी मैत्रिणीबरोबर जुन्या रोमन गावात जाते. आम्ही खूप हसतो. कधी कधी काहीच बोलत नाही. घरी आल्यावर मी माझ्या खोलीचं दार लावते आणि कुणालाच माझ्याकडून काही नको असतं." फोनमधला आवाज थांबला, जोसेफिन आणखी काहीतरी म्हणाली, आणि तो आवाज पुढे म्हणाला, "मी तिथे सुखी होते."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं.

स्मरणशक्तीला काही झालेलं नाही, ती म्हणाली. गेल्या महिन्यात जे झालं ते तिला काळजीचं वाटत नव्हतं. काळजी दुसऱ्या गोष्टीची होती. तिने वेंडीला विचारलं, "आई दिवसभर कुणाशी बोलते?"

कार पार्कमध्ये वेंडीने गाडीत बसून दार लावलं आणि किल्ली हातातच धरून ठेवली.

"कोणी आहे का तिथे?" तिने विचारलं. "म्हणजे, कोणी माणूस?"

"नाही गं." जोसेफिनला वाटलं, असता तर बरं झालं असतं. ते कुणालाही समजलं असतं. "लुर्देस आहे. खोली आहे. ती बोलवतेय मला परत. त्या दिवशी तिचा फोन आला, म्हणून मी निघाले. डोकं फिरलं होतं माझं, पण तू समजतेस तसं नाही."

"आणि तू सुखी होतीस."

"हो."

"सतरा वर्षं."

"पहिली दोन नाही. पहिली दोन वर्षं मी रोज रडले."

"आणि मग?"

"मग थांबलं."

"माझं नाही थांबलं," वेंडी म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता. "मावशीकडे मी उशीत तोंड घालून रडायचे. आणि स्वतःला सांगायचे, मम्मी पण आत्ता रडत असेल. तिला पण माझ्यासारखंच होत असेल. त्याच्यावर मला झोप यायची. बारावीपर्यंत. लोकांना मी तुझी गोष्ट सांगते ना, ती त्यांच्यासाठी नाही सांगत."

जोसेफिनने तिच्या हातावर हात ठेवला. वेंडीने तो बाजूला केला नाही, पण धरलाही नाही.

"तिथे राहण्याचे कागद नव्हते तेव्हा मला येता येत नव्हतं, ते खरं होतं," जोसेफिन म्हणाली. "मिळाले तेव्हा तू कॉलेजात गेली होतीस. तुझी आठवण येत नव्हती असा एक दिवस गेला नाही. पण आठवण येऊनही माणूस सुखी असू शकतं, वेंडी. मला पण माहीत नव्हतं."

वेंडीने गाडी सुरू केली.

पुढचे दिवस घरात फार सभ्यपणे गेले. "मम्मी, चहा ठेवलाय." "थँक्यू, बेटा." केसांना तेल लावणं बंद झालं. सेन्सर मात्र तसेच होते. काढायचं कुणाला सुचलं नाही की धीर झाला नाही. फॅबियन साईटवरून आला तेव्हा एकदा भांडी पुसता पुसता म्हणाला, "ती चिडलेली नाहीये, मम्मी. कशावर चिडायचं ते तिला सापडत नाहीये."

पंधरा ऑगस्ट जवळ आला. जोसेफिनने बाथरूममध्ये जाऊन लुर्देसला फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं. मुलगी एकटी पडेल, नात लहान आहे. लुर्देसने वाद घातला नाही. ब्राझीलचं एक जोडपं खोली मागतंय, त्यांना देते, म्हणाली. फोन ठेवल्यावर जोसेफिन बराच वेळ बेसिनची कड धरून उभी होती. मग तिने तोंड धुतलं आणि सेरेनाचा डबा भरायला गेली. आता इथेच, असं तिने मनाशी म्हटलं, आणि म्हणताना तिला नवल वाटलं की ते किती सोपं होतं. एकदा दार लागलं की ढकलायचे कष्ट वाचतात.

एका रविवारी दुपारी वेंडी हिरवळीवर दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. जोसेफिन टोपली धरून शेजारी उभी होती.

"मम्मी, पंधरा तारीख होऊन गेली. लुर्देसला काय सांगितलंस?"

"नाही म्हणून सांगितलं."

"का?"

"तू रडशील म्हणून."

"मी चौतीस वर्षांची आहे."

"माहीत आहे मला."

वेंडीने सेरेनाचा युनिफॉर्म घडी न घालताच टोपलीत टाकला. "डॅडी गेले तेव्हा मला कुणी काही विचारलं नाही. मावशीने नाही, तू नाही. एक दिवस बॅग भरली होती. मी ठरवलं होतं, माझ्या घरात कुणाचं असं करायचं नाही." तिने पुढचा चिमटा काढला. "तुला इथे आणताना मी विचारलं होतं का?"

"तू तिकीट पाठवलंस."

"हां. तेच म्हणतेय."

दोघींच्या मध्ये एक चादर वाऱ्यावर फडफडत होती. वेंडीने तिचं एक टोक आईच्या हातात दिलं आणि दोघी घडी घालायला लागल्या.

"मला ते आवडलेलं नाही," वेंडी म्हणाली. "तू सुखी होतीस ते. ऐकल्यापासून सलतंय मला. ते जाईल की नाही, माहीत नाही. पण तुला इथे ठेवून ते जाणार नाहीये, एवढं कळतंय. लाव तिला फोन."

"खोली दिली तिने."

"लाव तर खरं."

लुर्देसने झोपेतून उठून फोन घेतला, आधी दोघींवर ओरडली, मग म्हणाली की ब्राझीलवाले फेब्रुवारीत जातील. तेव्हा ये.

म्हणून जोसेफिन आणखी सहा महिने त्या घरात राहिली. ते सोपे गेले नाहीत. वेंडीने शिफ्टचा नवा रोस्टर मागितला, तो मिळायला नोव्हेंबर उजाडला. सेरेनाला शाळेनंतरच्या केअरमध्ये घातलं तेव्हा ती पहिले आठ दिवस आजीशी बोलली नाही. "यू आर लीव्हिंग बिकॉज ऑफ मी," ती म्हणाली, आणि जोसेफिनने हरतऱ्हेने सांगूनही तिला ते पूर्ण पटलं नाही. काही संध्याकाळी वेंडी कामावरून येऊन सरळ खोलीत जायची. जोसेफिन दाराबाहेर उभी राहायची आणि मग परत फिरायची. नाताळात बॅकयार्डमध्ये सगळे जमले तेव्हा कोणीतरी नवीन आलं होतं. वेंडीने ओळख करून दिली, "ही माझी मम्मी, जोसेफिन. पोर्तुगालला असते," आणि पुढे काहीच बोलली नाही. सगळे वाट बघत होते. जोसेफिनने त्यांना फुगे वाढले.

फेब्रुवारीत वेंडीने तिला ब्रिस्बेनच्या एअरपोर्टवर आणलं. फॅबियन आणि सेरेना घरी निरोप देऊन थांबले होते. डोंगर उतरून यायला दोन तास लागले आणि गाडीत दोघी हवामान, एअरपोर्टवर व्हीलचेअर घ्यायची का, दुबईला किती थांबायचंय, एवढंच बोलल्या. बॅग दिली. पुढे फक्त प्रवाशांना जाता येईल अशी पाटी होती, तिथे वेंडी थांबली.

"खूश राहा असं मला अजून म्हणता येत नाहीये, मम्मी," ती म्हणाली. "प्रयत्न केला गाडीत. नाही येत."

"नको म्हणूस," जोसेफिन म्हणाली. "फोन कर."

"किती वाजता करू? तिथे तू कधी मोकळी असतेस?"

जोसेफिनला हा प्रश्न वेंडीने कधीच विचारला नव्हता. तिने थोडा विचार केला.

"रविवारी सकाळी नको," ती म्हणाली. "बाकी केव्हाही."

वेंडीने मान हलवली. जोसेफिनने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, कपाळावर क्रूस काढला, आणि मागच्या माणसाने ट्रॉली पुढे ढकलल्यावर रांगेत पुढे सरकली.